हलणाऱ्या इमारतींच्या बिजागऱ्यांचं काय?

संपादक महोदय,

निसर्गाकडून शिकून उघडझाप करणाऱ्या इमारतींवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. छायाचित्रं झकास आहेत. पण माझी सगळी नोकरी इमारतींच्या देखभालीत गेली. लिफ्ट, शटर, ऊन पाहून वरखाली होणारे पडदे, हेच माझं काम. त्यामुळे नजर इमारतीच्या पाकळ्यांसारख्या पात्यांवर न जाता त्यांच्या बिजागऱ्यांवर गेली. लेखात त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही.

उघड्यावरच्या बिजागरीला ग्रीस लावलं की त्यावर धूळ बसते. त्याचा राखाडी गाळ होतो आणि तोच पिन झिजवतो. भोक लांबट होतं, पातं कलतं, टोकाला मोटर बंद करणाऱ्या लिमिट स्विचपर्यंत पोचतच नाही आणि मोटर जळेपर्यंत ढकलत राहते. मग कुणीतरी वैतागून फ्यूज काढतो. ते पातं तेव्हापासून जे उघडं, ते उघडंच!

हे थोरामोठ्यांनाही चुकलेलं नाही. पॅरिसच्या अरब जगत संस्थेच्या इमारतीला वास्तुरचनाकार ज्याँ नुव्हेल यांनी १९८७ साली दक्षिणेकडे २४० चौकटी बसवल्या. कॅमेऱ्याच्या झडपांसारख्या, उजेडानुसार लहानमोठ्या होणाऱ्या. देखण्या खऱ्या, पण पुढे त्या बिघडून बराच काळ बंद पडल्या आणि २०१७ मध्ये त्यांची मोठी दुरुस्ती झाली.

झाडं हलतात, पण त्यांना पिन नाही, बेअरिंग नाही. ती वाकतात, फुगतात, आकसतात. 'बर्ड ऑफ पॅरडाइज'च्या फुलावर पक्षी टेकला की त्याच्या वजनाने दांडी वाकते आणि तिला जोडलेल्या पाकळ्या आपोआप बाजूला होतात. जर्मन संशोधकांनी हे हेरलं. दक्षिण कोरियातल्या येओसू इथे २०१२ च्या प्रदर्शनात एका दालनाला याच तत्त्वावर काचतंतूंच्या १०८ उभ्या पट्ट्या लावल्या होत्या. पट्टी वरून-खालून दाबली की ती कडेला वाकून फट उघडते. मोटर आहेच, पण पट्टीभर बिजागऱ्यांची रांग नाही. माझ्यासारख्याचं अर्धं काम तिथेच कमी होतं.

त्याहून मला भावतो तो पाइनचा शंकू. झाडावरून गळून पडलेला, वाळलेला शंकू पाण्यात टाका, खवले मिटतात. सुकू द्या, पुन्हा उघडतात. खवल्याचा बाहेरचा थर ओलाव्याने आतल्यापेक्षा जास्त फुगतो, एवढंच. जीव नाही, वीज नाही. वास्तुरचनाकार आखिम मेंगेस यांनी २०१२ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू कलाकेंद्रात लाकडाच्या पातळ पापुद्र्यांना असंच नुसत्या ओलाव्यावर हलायला लावलं. ओलावा आला की दार फुगतं म्हणून सुतार ज्या लाकडाला शिव्या घालतात, त्याचा तोच गुण इथे कामाला लावलाय! मात्र ते काचेच्या पेटीत होतं. उघड्यावर, वाऱ्यात आणि पक्ष्यांच्या विष्ठेत ते पापुद्रे किती टिकतील, हा माझा प्रश्न. शिवाय दमट दिवशी आतल्या माणसाला उघडं हवं आणि लाकूड म्हणेल मिटतो, तर ऐकायचं कुणाचं? त्यासाठी हाताने चालवायचा एखादा दांडा हवाच.

तेव्हा पुढच्या वेळी अशा इमारतीचं छायाचित्र छापाल तेव्हा शेजारी एक छोटी चौकट द्या: बसवलेल्यांपैकी किती पाती आज हलतात, बिघडलेलं पातं बदलायला किती वेळ लागतो, आणि ते बदलताना माणूस उभा कुठे राहतो.

आपला,
एक निवृत्त देखभाल तंत्रज्ञ