समुदाय भवन देण्याआधी कंपनीचे नाव विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या महिला संघाचे हिशेब मी लिहिते. अलीकडे कर्जाच्या अर्जावर ‘घरगुती व्यवसाय’ असे कारण घालणाऱ्या बायका वाढल्या आहेत. कसला व्यवसाय म्हणून विचारले, की पिशवीतून पावडरीचा डबा आणि साबण बाहेर येतो. माल घ्यायचा आणि पुढे आणखी बायका जोडायच्या, अशा साखळी कंपनीचा हा माल. काहींनी कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० रुपये साठवून त्यातच घातले आहेत.

या कंपन्यांच्या सभेचे बोलावणे ओळखीच्याच बाईकडून येते. “वहिनी, संध्याकाळी भवनात या, तुमच्या फायद्याचं आहे.” काय ते विचारले, तर “फोनवर सांगण्यासारखं नाही.” कंपनीचे नाव कळते ते तासभर भाषण ऐकल्यावर. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे, म्हणजे दुकानाशिवाय माणसांमार्फत माल विकण्याचे, नियम केले. त्यानुसार विक्रेत्याने कोणी न विचारता, सुरुवातीलाच आपली ओळख, कंपनीचे नाव आणि येण्याचा हेतू सांगायचा असतो. नाव झाकून बोलणे सुरू केले, तिथेच नियम मोडला.

पुढे “माल घ्या, चार बायका जोडल्या की पैसे वसूल” हे ठरलेलेच. गिऱ्हाईक जोडून किंमत भरून निघेल असे सांगून माल गळ्यात मारायलाही याच नियमांत मनाई आहे. आणि “घरात आत्ताच बोलू नका, नाउमेद करतील” हे ऐकले की मला संताप येतो. कर्जाचा हप्ता त्याच घरातून जायचा असतो!

प्रत्येकीने सहा जणी आणायच्या म्हटले, तर सहाच्या छत्तीस, छत्तीसच्या दोनशे सोळा होतात. पाचव्या पायरीला ७,७७६ बायका लागतात आणि नवव्या पायरीला एक कोटीच्या वर. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४८ लाखांच्या आत होती. मग शेवटी आलेली बाई नणंदेला, मावशीला गळ घालते. पैसे जातात आणि घरोबाही तुटतो.

घरोघरी माल विकण्यात वाईट काही नाही. आमच्याकडे पापड, मसाले विकणाऱ्या बायका आहेत. त्यांचे पैसे गिऱ्हाईक देते. इथे जुनीला मिळणारे पैसे नवीने भरलेले असतात. माणसे जोडण्यावर पैसे फिरवणाऱ्या साखळ्यांना १९७८ पासून कायद्याने बंदी आहे.

देवस्थान कमिट्या, युवक मंडळे आणि ग्रामपंचायतींना माझी कळकळीची विनंती आहे. देवळाशेजारच्या भवनात सभा भरली, की पंचांनी बघूनच परवानगी दिली असेल असे बायका धरून चालतात. म्हणून भवन देताना कंपनीचे नाव-पत्ता लेखी घ्या आणि सभेआधी फलकावर लिहा. ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांनी पावत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप जपून ठेवावेत, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

आपली,
एक वाचक,
पश्चिम भाग, ता. बेळगाव