माळ्यावरच्या गाद्या

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गणपतीपूर्वी दुपारी चारला तुम्ही माळ्यावरच्या गाद्या झटकल्यात, तेव्हा चार शिंकांवर निभावले. आणि रात्री अकराला धाप लागून उशीला टेकून बसावे लागले, त्याचा दोष तुम्ही जेवणातल्या दह्यावर ठेवलात. मला दही निर्दोष वाटते.

कोकणातल्या दमट हवेत गाद्यांमध्ये डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे वाढतात आणि त्यांच्या विष्ठेचे कण श्वासातून छातीत जातात. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या श्वासनलिका काही मिनिटांत आवळतात आणि तास-दोन तासांत मोकळ्या होतात. परंतु पुष्कळांना तीन ते आठ तासांनी पुन्हा दम लागतो, कारण तोवर इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जमून आतले अस्तर सुजलेले असते. ही सूज ओसरेपर्यंत, कधी कित्येक दिवस, श्वासनलिका इतक्या हळव्या राहतात की मिरचीच्या फोडणीचा ठसका किंवा उदबत्तीचा धूरही त्यांना सोसत नाही. हा हळवेपणा मोजताही येतो: श्वासनलिका आवळणारे मेथाकोलीन हे औषध वाढत्या प्रमाणात हुंगायला देऊन, पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा किती मात्रेला 20 टक्क्यांनी घटते, ते पाहतात.

माझी खरी काळजी मात्र रोजच्या अंथरुणाची आहे, कारण तिथे थोडे थोडे कण रोज रात्री जातात, त्या वेळी त्रास जाणवतोच असे नाही, आणि हळवेपणा मात्र वाढत राहतो. कण टाळले तर उलटही घडते. 1982 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका अभ्यासात धूळकिड्यांची ॲलर्जी असलेले नऊ रुग्ण दोन महिने किंवा अधिक काळ रुग्णालयाच्या जवळपास धूळरहित खोल्यांत राहिले. त्यांपैकी पाच जणांच्या श्वासनलिका आवळायला हिस्टामीन (मेथाकोलीनसारखेच नळ्या आवळणारे द्रव्य) पूर्वीच्या किमान आठपट लागू लागले. आपले घर काही तसे होणार नाही, आणि गादीला नुसत्या बंद खोळी घालून दमा आटोक्यात येतो असेही नाही. म्हणून निळ्या पंपाने बरे वाटले तरी रोजचा स्टिरॉइडचा पंप चुकवू नका. निळा पंप नळ्या मोकळ्या करतो, सूज उतरवत नाही.

आई, चादरी व अभ्रे आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुवायला हवेत. बंबातले कढत पाणी चालेल, हात मात्र सांभाळ. आजीने भरून घेतलेली गादी टाकवत नसेल तर राहू दे, पण बाबांच्या खोलीत नको. बाबांच्या गादीची लांबी, रुंदी आणि जाडी टेपने मोजून कळव, म्हणजे दिवाळीला येताना चेनच्या खोळी घेऊन येईन. बाबांना झटकायला देऊ नकोस.

आपली लेक