साबणाची वडी पाहणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

मावशीच्या नडगीवरचे शेवटचे ड्रेसिंग आपण काढलेत, त्याला आता वर्ष होत आले. त्या दिवशी घाईघाईत मी आपल्या हातावर पैशांचे पाकीट ठेवले आणि आभार मात्र राहून गेले. आज ते उघडपणे मानते आहे, कारण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने घर सोडून काळजी घेणाऱ्या निवासात जायची वेळ नेमकी कोणती, हा प्रश्न पुष्कळ घरांची झोप उडवतो आणि त्याला सामोरे कसे जायचे हे आम्हाला आपल्याकडून कळले.

आपण प्रथम आलात तेव्हा ८२ वर्षांची मावशी पंधरवड्यात दोनदा पडली होती, दिवस मावळला की घरात कुणीतरी शिरले आहे असे म्हणत होती आणि मी घाबरून एका निवासाचा अर्जही भरून ठेवला होता. तो अर्ज आपण बाजूला ठेवायला सांगितलात. अचानक आलेला गोंधळ म्हातारपणाच्या खाती टाकू नका, असे बजावून आपण आधी डॉक्टरांकडून लघवीची तपासणी करून घ्यायला लावलीत आणि तिच्या औषधांच्या सगळ्या पट्ट्या पलंगावर मांडायला लावल्यात. त्या नऊ निघाल्या, आणि त्यांत दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी लिहून दिलेली एकच झोपेची गोळी होती. मूत्रमार्गाचा संसर्ग औषधाने बरा झाला, डॉक्टरांनी झोपेच्या गोळीचे दुहेरी प्रमाण उतरवत नेले, आणि महिन्याभरात ती शिरलेली माणसे घरातून निघून गेली. घाबरलेल्या अवस्थेत आम्ही तिला हलवले असते, तर बऱ्या होणाऱ्या दुखण्यापायी तिचे घर कायमचे सुटले असते.

माझा जीव भांड्यात पडला आणि आता काहीच बदलायला नको, असे मी मनाशी ठरवूनही टाकले. त्याच सुमारास आपण हात धुवायला न्हाणीघरात गेलात आणि मला हळूच आत बोलावलेत. साबणाची वडी सुकून तिला चिरा पडल्या होत्या, बादलीच्या तळाला धूळ होती, आणि दांडीवरच्या टॉवेलची घडी तशीच्या तशी होती. रोज सकाळी विचारल्यावर ‘झाली आंघोळ’ असे उत्तर मला मिळत असे. ओल्या फरशीवर पाय ठेवायची भीती वाटते, हे तिने आपल्याला सांगितले, मला नाही. त्याचे मला वाईट वाटले होते. पण ज्यांच्यासमोर आयुष्यभर खंबीर राहिलो त्यांना असे काही सांगणे किती जड जात असेल, हे आता उमगते.

अमेरिकेतील डॉ. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेली सहा कामांची यादी आपण मला तिथेच उभ्या उभ्या समजावलीत: आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, पलंगावरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरचा ताबा आणि आपल्या हाताने जेवणे. यांतली आंघोळ बहुधा सर्वांत आधी सुटते आणि जेवण सर्वांत शेवटी, हेही आपण सांगितलेत. आम्ही सगळे तर ती व्यवस्थित जेवते ना, एवढेच पाहून निर्धास्त होतो! नंतर आपण तिला खुर्चीतून उठून तीन मीटर चालायला, वळून परत यायला आणि बसायला सांगितलेत. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात, आणि तिला २१ लागले.

तरीही आपण ‘हलवा’ असे म्हणाला नाहीत. आपण एक वही दिलीत आणि तीन आठवडे फक्त घडलेले लिहायला सांगितलेत; काय वाटले, काय होईल, हे लिहायचे नाही. माझा भाऊ दूर राहतो, फोनवर मावशीचा आवाज ठणठणीत लागतो, त्यामुळे मी कांगावा करते आहे असे त्याचे प्रामाणिक मत होते. गुरुवारच्या गोळ्या डब्यात तशाच, गॅसवर करपलेले दुसरे भांडे, रात्री दोन वाजता मला आलेला फोन आणि त्यानंतर पुन्हा न लागलेली माझी झोप, अशा नोंदींची पाने त्याने आल्यावर वाचली आणि आमचा वाद तिथेच थांबला. माझी झोपही वहीत आली पाहिजे, हा आग्रह आपलाच होता.

मला सर्वांत जास्त अडवत होते ते मीच दिलेले वचन. तुला कधीच वृद्धाश्रमात ठेवणार नाही, असे मी तिला एकदा म्हटले होते. त्यावर आपण जे बोललात ते मी विसरणार नाही: नव्या जागेतली खोली, न्हाणीघराची वाट, माणसांचे चेहरे हे सगळे शिकावे लागते, आणि शिकण्याची शक्ती शाबूत असेपर्यंतच माणूस तिथे रुळतो, हाड मोडल्यावर रुग्णालयातून परस्पर हलवायची पाळी आली, तर जागा कोणती, हे विचारायलाही सवड उरत नाही. ‘अजून थोडे थांबू’ हे मी तिच्या मायेपोटी म्हणते आहे, असे मला वाटत होते. त्यात माझा स्वतःचा अपराधीपणा किती होता, हे तेव्हा दिसले.

आणि मग आपण सरळ मावशीलाच विचारलेत, जे आमच्यापैकी कुणीच केले नव्हते. तिने चार जागा पाहिल्या. रात्री कामावर किती माणसे असतात, आणि कोणत्या अवस्थेत गेलेल्या माणसाला तुम्ही ठेवून घेत नाही, हे आपण शिकवलेले दोन प्रश्न आम्ही सगळीकडे विचारले. दुसऱ्या प्रश्नावर एका ठिकाणचे व्यवस्थापक विषय बदलू लागले, तेव्हा मावशीच उठून उभी राहिली. एक महिना राहून पाहायचे आणि तोवर घर तसेच ठेवायचे, हा करार तिने आमच्याकडून कबूल करून घेतला. महिना संपल्यावर तिने आपली वेताची खुर्ची मागवून घेतली.

सगळे गोड झाले, असे मात्र नाही. काही संध्याकाळी ती घरी कधी जायचे असे विचारते आणि मी नुसती हात धरून बसते. पण आंघोळीला मदतनीस आल्याशिवाय ती न्हाणीघरात जात नाही, गोळ्या वेळेवर मिळतात, आणि मी भेटायला गेले की पहारेकऱ्यासारखी घरभर काही तपासत हिंडत नाही, तिच्याजवळ बसते.

‘ती पट्टी बांधणारी मुलगी कुठे असते आता?’ असे तिने मागच्या भेटीत विचारले. रविवारी चारनंतर भेटायची वेळ असते. आपल्याला जमले तर जरूर यावे. खुर्ची खिडकीपाशी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली ऋणी,
मावशीची भाची