काकांना सांगा, तो पट्टा वेगळा

इंदूर, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर आईचा आवाज ऐकला तेव्हाच ठरवलं, गाडीच्या दुरुस्तीचं हे सगळं नीट लिहून पाठवायचं. बाबांना फोनवर अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं आई स्वतःच्या काळजीत बुडवून सांगते. त्यात शेजारच्या काकांनी म्हणे सांगितलं, "पट्टा सातशे-आठशेला मिळतो, पोरीला इंदूरवाल्यांनी गंडवलं." काकांना सांगा, तो पट्टा वेगळा. ते म्हणतात तो फॅन बेल्ट, अल्टरनेटर आणि एसी फिरवणारा. तो तुटला तर बॅटरीचा दिवा लागतो, काही गाड्यांत इंजिन तापतं, पण वेळीच थांबलं तर नवा टाकून भागतं. आमचा तुटला तो टायमिंग बेल्ट.

बाबा, तुम्हाला मी काय समजावणार? एसटीच्या वर्कशॉपमध्ये तुमची हयात गेली. तुमच्या लेलँड-टाटांच्या इंजिनांत त्या जागी पट्टा नसायचाच, गिअर असायचे, म्हणून तर "रबराच्या भरवशावर व्हॉल्व्ह?" असं ओरडलात. पुढचं आईसाठी लिहिते. आई, इंजिनात पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो खालचा क्रँकशाफ्ट दोनदा फिरला की व्हॉल्व्ह उघडणारा वरचा कॅमशाफ्ट बरोबर एकदा फिरायला हवा. हा हिशेब तो दातेरी पट्टा सांभाळतो. आजीकडे एका उखळात दोघी जणी आळीपाळीने मुसळ घालायच्या ना, तसं. पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह मिटून बाजूला झालेला असतो. जागा दोघांची एकच, वेळ वेगळी. पट्टा तुटला, कॅमशाफ्ट होता तिथेच थांबला, काही व्हॉल्व्ह उघडे राहिले आणि खालून पिस्टन येऊन त्यांच्यावर आदळले. सगळ्याच इंजिनांत असं होत नाही, काहींत मध्ये जागा सोडलेली असते. आमच्यात नव्हती.

हे झालं पीथमपूरला कामावर जाताना, राऊच्या पुढे. गाडी एकदम बंद. कडेला घेतली, चावी फिरवली, तर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरला. कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं की इंजिन असं फिरतं, हे तुमच्याकडूनच ऐकलेलं, म्हणून पुन्हा चावीला हात लावला नाही. विम्यात रोडसाइड असिस्टन्स होतं, त्यामुळे टोचनचा खर्च वाचला. दुरुस्तीला मात्र विमा नाही. त्यात कुणाची लबाडी नाही, यांत्रिक बिघाड आणि झीज नेहमीच्या मोटार पॉलिसीत धरतच नाहीत.

आता पैशांचं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने 1,12,000 चं एस्टिमेट दिलं, कारण ते अख्खं सिलिंडर हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असतात तो इंजिनाचा वरचा भाग, नवं टाकणार होते. मी म्हटलं, हेड उघडून दाखवा, मग ठरवू. त्यांना ते रुचलं नाही. मग गाडी आमच्या सुदामा नगरातल्या एका शेजाऱ्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने हेड उतरवलं आणि मला बोलावून दाखवलं: आठपैकी सहा व्हॉल्व्ह वाकलेले, पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखे ठसे, पण पिस्टन फुटलेला नाही, रॉड सरळ. हेडची प्रेशर टेस्ट केली, तडा नव्हता. म्हणजे नव्या हेडची गरजच नव्हती.

पोलो ग्राउंडकडच्या लेथवर हेड फेसिंग (तळ सपाट करणं) आणि सीट कटिंग (व्हॉल्व्ह बसतात त्या जागा नीट करणं) करून घेतलं. व्हॉल्व्ह आठही नवे घेतले, दोन जुने ठेवून काय वाचणार होतं? छोटी ग्वालटोलीत भाव विचारत फिरले तेव्हा एका दुकानदाराने "टीचर हो क्या?" विचारलं, इतक्या चौकश्या केल्या मी. व्हॉल्व्ह 5,200, गाइड आणि सील 2,400, गॅस्केट सेट 5,800, हेडचे बोल्ट 1,900 (ते एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात म्हणे), वॉटर पंपासकट टायमिंग किट 9,600, ऑइल-फिल्टर-कूलंट 4,900, लेथ 4,500, मजुरी 11,000. एकूण 45,300. सप्टेंबर 2025 मध्ये बऱ्याच सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, नाहीतर आकडा आणखी चढला असता.

आहे तशी गाडी विकली असती तर दलाल 70,000 देत होता. नवी घेतली तर महिन्याला बारा-तेरा हजारांचा हप्ता, पाच-सात वर्षं. म्हणजे हा खर्च चार हप्त्यांच्या आतला. यांचं मत आधी नव्या गाडीचं होतं, कागदावर मांडल्यावर गप्प झाले.

तेव्हा काका म्हणतात तसं गंडवलं गेलं असेल, तर ते आता नाही, 2023 मध्ये. तेव्हा एका गॅरेजमध्ये वेळेवर पट्टा बदलून घेतला होता. बिल अजून आहे. त्यावर फक्त "टायमिंग बेल्ट – 1". पट्टा ताणून धरणारा टेन्शनर आणि पट्ट्याला वाट देणारी आयडलर पुली जुन्याच ठेवल्या. त्या आयडलरचं बेअरिंग आता जाम झालं, पट्टा त्यावर घासून तापला, दाते झडले आणि तुटला. पुली घेऊन त्या मालकाकडे गेले तर म्हणतो, "बेल्ट का बोला था, बेल्ट बदल दिया." बाबा, मी काय सांगितलं होतं हा प्रश्नच नाही, पट्ट्याबरोबर काय बदलायचं हे गिऱ्हाइकाने सांगायचं का? तुटका पट्टा, पुली, दोन्ही बिलं पिशवीत ठेवली आहेत आणि मिस्त्रीकडून लेखी घेतलंय. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, तक्रार करणार आहे.

आई, पोस्टातली ज्येष्ठ नागरिकांची ठेव मोडायची नाही. दोन वर्षांनंतर मोडली तरी मुदतीआधी म्हणून 1 टक्का मुद्दलातून कापतात, आणि तुमचं तिमाही व्याज थांबेल ते वेगळंच. पैसे दिले गेले आहेत, माझ्या बोनसमधून. आणि बाबा, पान्यांची पेटी घेऊन बसने यायचं डोक्यातून काढा. बिजासनचा घाट आणि तुमचे गुडघे, नकोच. तुम्ही सांगितलेलं की पट्टा बसवल्यावर स्टार्टर मारायच्या आधी इंजिन हाताने दोन फेरे फिरवून बघायचं, ते मिस्त्रीला सांगितलं. तो हसला, पाना आधीच क्रँकला लावलेला होता त्याने. "वालिद साहब मिस्त्री थे क्या?" म्हणाला. मी म्हटलं, होते नाही, आहेत.

गाडी आता छान चालते. पहिले हजार किलोमीटर झाल्यावर कूलंट तपासून घ्यायचं आहे, मग धुळ्याला येतोच.

तुमची,
सोनू

ता. क. शेजारच्या काकांची गाडी वर्षानुवर्षं पोर्चमध्येच उभी असते आणि बाबांच्या डोळ्यांच्या तपासणीला नाशिकला त्याच गाडीतून जाता. गाडी कमी चालली म्हणून पट्टा नवा राहत नाही, रबर वयानेही जातं, म्हणून कंपनी किलोमीटरबरोबर वर्षंही लिहिते. त्यांच्या इंजिनात पट्टा आहे की चेन, ते आधी बघायला सांगा. पट्टा असेल तर बाबांनी चिठ्ठी लिहून द्यावी: बेल्ट, टेन्शनर, आयडलर, आणि वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असेल तर तोही. बदललेल्या प्रत्येकाचं नाव बिलावर यायला हवं. काका माझं ऐकणार नाहीत, बाबांचं ऐकतील.