'युद्ध नको' म्हणताना जवानाचं काय?

संपादक महोदय,

सीमेवर तणाव वाढला की वाचकांच्या पत्रांतून आणि चहाच्या टेबलांवर एक ठरलेला वाद सुरू होतो. 'युद्ध नको' म्हणणारा एका दमात देशद्रोही ठरतो. उलट बाजूला काही युद्धविरोधक भाषणाच्या भरात सरकारवरचा राग वर्दीवर काढतात. १० मे २०२५ रोजी भारत-पाकिस्तान शस्त्रसंधी झाली तेव्हा ती जाहीर करणाऱ्या परराष्ट्र सचिवांवर समाजमाध्यमांतून इतकी चिखलफेक झाली की त्यांना आपलं खातं कुलूपबंद करावं लागलं. निर्णय कळवणं हे त्यांचं काम होतं, आणि शिव्याही त्यांनीच खाल्ल्या. जवानाच्या वाट्यालाही हेच येतं. युद्धाला विरोध करू पाहणाऱ्या गोमंतकीयांसाठी, आणि त्यांच्यावर डोळे वटारणाऱ्यांसाठीही, म्हणूनच हे पत्र.

लढायचं की नाही हे जवान ठरवत नाही, एवढं सर्वांना ठाऊक असतं. त्याला त्यावर जाहीर बोलायचीही मुभा नाही, हे मात्र विसरलं जातं. राज्यघटनेच्या कलम ३३ नुसार संसद सैन्यदलांतल्या लोकांचे मूलभूत हक्क मर्यादित करू शकते. सेना कायदा, १९५० च्या कलम २१ खाली राजकीय संघटनेत सामील होणं, सभा-निदर्शनांत भाग घेणं आणि वृत्तपत्रांशी बोलणं या सगळ्यांवर बंधनं आहेत. ती असायलाच हवीत. लष्कर राजकारणात बोलू लागलं की काय होतं, ते शेजारी देशात पाहावं. पण मग चौकीवर बूट वेळेवर का पोचले नाहीत, मोहीम अपुऱ्या तयारीनं का आखली, मुळात ती हवी होती का, हे विचारायचं कोणी? ते काम नागरिकाकडेच येतं. 'जवान तिकडे लढतोय आणि तुम्ही प्रश्न विचारता' या वाक्याला टाळ्या पडतात खऱ्या, पण त्यानं जवानाच्या वतीनं बोलू शकणाऱ्याचंच तोंड बंद होतं.

१९६२ चं उदाहरण घ्या. २० ऑक्टोबरला नामका चू नदीकाठी चिनी हल्ला झाला तेव्हा आपल्या अनेक जवानांच्या अंगावर सुती गणवेश होते, हातात जुन्या .३०३ रायफली आणि माणशी जेमतेम ५० गोळ्या. लढाई चालू असतानाच, ठरलेल्या तारखेआधी, ८ नोव्हेंबरला संसदेचं अधिवेशन बोलावलं गेलं आणि सरकारवर उघडपणे टीकेची झोड उठली. अधिवेशन लवकर बोलवा असा आग्रह धरणाऱ्यांत तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयी होते. त्यांना कोणी चीनचा हस्तक म्हटलं नाही. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागलं, यशवंतराव चव्हाणांच्या रूपानं सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, आणि पुढच्या काही वर्षांत दहा पर्वतीय डिव्हिजन उभ्या राहिल्या. अलीकडचं सांगायचं तर २०२० साली संसदेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात अतिउंचावरच्या जवानांसाठी बर्फातले बूट आणि गॉगल कमी पडल्याची नोंद आहे. गॉगल नसेल तर बर्फावरून परतणाऱ्या उन्हानं काही तासांत डोळे भाजतात, आणि माणूस दोनेक दिवस आंधळ्यासारखा पडून राहतो. असा अहवाल वाचून सरकारला धारेवर धरणाऱ्यानं लष्कराचा अपमान केला, असं कोणी म्हणेल काय?

आता नाण्याची दुसरी बाजू. श्रीलंकेतल्या भारतीय शांतिसेनेच्या मोहिमेला, म्हणजे १९८७ ते १९९० या काळातल्या कारवाईला, तामिळनाडूत तीव्र विरोध होता आणि त्यामागे सबळ कारणंही होती. पण मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासच्या बंदरात उतरली तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. या मोहिमेत अकराशेहून अधिक भारतीय सैनिक मारले गेले होते. त्यांतल्या एकानंही ही मोहीम मागितली नव्हती. निषेध नोंदवायला दिल्लीतलं संसद भवन होतं. तो बंदराच्या धक्क्यावर, बोटीतून उतरणाऱ्या थकल्या पोरांसमोर नोंदवला गेला. पुढे त्या सैनिकांची नावं कोरलेलं स्मारक उभं राहिलं ते श्रीलंकेच्या राजधानीत, हेही लक्षात ठेवण्याजोगं आहे. अमेरिकेनं व्हिएतनामनंतर हाच धडा उशिरा गिरवला. १९८२ साली वॉशिंग्टनमध्ये उभारलेल्या भिंतीवर ५८ हजारांहून अधिक नावं आहेत, आणि स्मारकाच्या आराखड्यासाठी एक अट होती की युद्ध बरोबर की चूक यावर त्यात काहीही भाष्य नको.

मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला आणि चार दिवसांत ते गजाआड गेले. 'ना एक पाई, ना एक भाई' ही त्या सत्याग्रहाची घोषणा. त्याच युद्धात १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे इटलीत एकट्यानं मशिनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. माणगावला त्यांचा पुतळा आहे. विनोबांना मानणारा माणूस त्या पुतळ्यासमोरून मान खाली घालून जात नाही.

गोव्यात तर दोन्ही परंपरा शेजारी नांदतात. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीच्या सीमेवर नि:शस्त्र सत्याग्रही पोर्तुगीजांच्या गोळ्या झेलत पुढे गेले. १८ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्तीच्या कारवाईत, अंजदीव बेटावर ७ नौसैनिक कामी आले. गोमंतक नौदल तळावर त्यांचं स्मारक आहे. दोन्हींसमोर आपण फुलं वाहतो. आणि शत्रूच्या गोटात काय झालं? शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता. गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांनी तो न पाळता शरणागती पत्करली, म्हणून हजारो पोर्तुगीज शिपाई जिवंत घरी गेले आणि पणजीही वाचली. सालाझारनं त्यांना लष्करातून हाकललं. १९७४ च्या क्रांतीनंतर कुठे त्यांचा मान परत मिळाला. सैनिकानं मेलंच पाहिजे असा हट्ट धरणारा सहसा कागदावर सही करणाराच असतो.

कायदा विरोधकाला कुठवर जाऊ देतो? बराच पुढे. केदारनाथ सिंह खटल्यात १९६२ सालीच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हिंसेला वा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी नसेल तर सरकारवरची कठोर टीका राजद्रोह ठरत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १५२ कडक आहे, पण कायदेशीर मार्गानं बदल घडवण्यासाठी सरकारच्या कृतीबद्दल नापसंती व्यक्त करणं हा गुन्हा नाही, असा खुलासा त्यातच जोडला आहे. खरी लक्ष्मणरेषा कलम १५९ मध्ये आहे. सैनिकाला बंडाला चिथावणं किंवा कर्तव्यापासून फोडू पाहणं हा गंभीर गुन्हा. म्हणून फलकावर 'सरकार, युद्ध थांबवा' लिहा. 'जवानांनो, बंदुका खाली ठेवा' लिहू नका. कवितेत ती ओळ छान वाटते, पण ती ऐकणारा शिपाई कोर्टमार्शलला सामोरा जातो आणि कवी घरी जेवायला जातो.

सभा घ्यायची असेल तर, पणजीचं आझाद मैदान असो की मडगावचं लोहिया मैदान, जागेची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी लेखी घ्या. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि इस्पितळ, शाळा, न्यायालय यांपासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं. विचारांमुळे नव्हे, तर असल्या राहून गेलेल्या कागदामुळेही सभा बंद पडू शकते. तिरंगा न्यायचा तर त्यावर अक्षर लिहायचं नाही, तो कमरेला किंवा गाडीच्या बॉनेटवर गुंडाळायचा नाही. इतर झेंड्यांबरोबर मोर्चात चालताना तो उजव्या टोकाला किंवा रांगेच्या मध्यापुढे हवा. उभा टांगला तर केशरी पट्टा बघणाऱ्याच्या डावीकडे. पथनाट्यात लढाऊ गणवेशासारखे कपडे टाळा, साधा खाकी शर्ट पुरतो. सेवेतल्या ओळखीच्या जवानाला 'मागे उभा राहा, कोण बघतंय' असं म्हणून बोलावू नका. बघणारे असतात, मोबाइल घेऊन.

दिवंगत जवानाचा फोटो फलकावर लावायचा असेल तर आधी घरच्यांना विचारा. हा नियम युद्धसमर्थकांनाही लागू आहे, किंबहुना त्यांना जास्त. प्रचारात सैनिकांची छायाचित्रं वापरू नका, असं निवडणूक आयोगानं २०१३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये सर्व पक्षांना बजावलं होतं. पार्थिव दाबोळी वा मोपा विमानतळावर उतरल्यावर मिरवणुकीत पक्षाचे झेंडे घुसतात ते यातलंच. शवपेटीवरच्या तिरंग्याचा केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला असतो, आणि चितेला अग्नी देण्यापूर्वी किंवा पेटी खड्ड्यात उतरवण्यापूर्वी ध्वज काढून घेतला जातो. गर्दी पुढे रेटली की नेमका हाच क्षण चुकतो, म्हणून गावकऱ्यांनी दोरी बांधून दहा पावलं मागे थांबावं.

आणखी एक, फक्त वास्को-दाबोळीकडच्यांसाठी: बंदरात उभ्या युद्धनौकेचं, हंसा नौदल तळावरून उडणाऱ्या विमानाचं चित्रण युद्धाच्या बाजूनं असो वा विरोधात, समाजमाध्यमांवर टाकू नका. २००८ च्या मुंबई हल्ल्यात थेट प्रक्षेपण पाहून पलीकडून सूचना दिल्या जात होत्या.

आता ज्याबद्दल कोणी भाषण करत नाही ते. जवानाच्या मृत्यूची नोंद कोणत्या वर्गात होते यावर घर चालतं. युद्धहानी ठरली तर कुटुंबाला उदारीकृत निवृत्तिवेतन, म्हणजे शेवटच्या गणनीय वेतनाच्या १०० टक्के. सेवेमुळे झालेला इतर मृत्यू ठरला तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन, ६० टक्के. सेवेशी संबंध नाही असं ठरलं तर साधं, ३० टक्के. २०२२ पासून भरती झालेल्या अग्निवीराला ४८ लाखांचा विमा आहे, पण कुटुंब निवृत्तिवेतन नाही. वर्गवारी चुकली वाटली तर अपील करता येतं, त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणही आहे. पण त्यासाठी चौकशी अहवालाची प्रत हातात असावी लागते आणि ती मागायची असते हेच घरच्यांना माहीत नसतं.

गोव्यात याला आपल्या नागरी कायद्याची जोड मिळते. इथे लग्नाची पहिली सही झाली की हरकतींसाठी थांबावं लागतं, आणि दुसऱ्या सहीनंतरच नोंदणी पुरी होते. आठवड्याच्या रजेवर आलेला मुलगा पहिली सही करून परत गेला आणि दुसरी राहिली, तर विवाहाचा दाखला नाही. दाखला नाही तर युनिटच्या भाग दोन आदेशात, म्हणजे जवानाच्या कुटुंबाच्या अधिकृत नोंदीत, पत्नीचं नाव चढत नाही. नावांचा घोळ वेगळाच: जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, आधारवर दुसरं, सेवापुस्तकात तिसरं. मुलगा जिवंत असतानाच हे तिन्ही कागद समोरासमोर धरून बघावेत. अडलं तर पणजीला राज्य सैनिक मंडळाच्या कार्यालयात जावं. केंद्रीय राखीव पोलीस किंवा सीमा सुरक्षा दलाचा जवान असेल तर मात्र ते गृहमंत्रालयाकडे येतात, त्यांची वाट वेगळी.

गावातल्या युद्धविरोधी मंडळानं महिन्यातून एक सकाळ हे कागद तपासायला दिली, तर त्यांच्याकडे देशद्रोही म्हणून बोट दाखवणं अवघड जाईल. युद्धसमर्थक मंडळानंही दिली तर बरंच.

७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला या दोन्ही गटांनी एकाच टेबलावर बसून निधी गोळा करायला हरकत नाही. डबा सीलबंद असावा, जवळ अधिकारपत्र असावं. कोणी नुसताच डबा घेऊन बाजारात फिरत असेल तर त्यात नोट टाकू नये. तीच रक्कम थेट सैनिक मंडळाकडे भरून पावती घ्यावी.

आपले,
काही निवृत्त सैनिक आणि नागरिक, वास्को