ती सूज लिव्हरची नव्हती

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरवरचा, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या गाठींवरचा लेख वाचला. लेख चांगला होता, स्टीव्ह जॉब्स आणि इरफान खान यांचा उल्लेख आला, चेहरा लाल होणं, जुलाब, दम लागणं ही लक्षणंही नीट दिलीत. पण एवढ्या अख्ख्या पानात हृदयाबद्दल एक ओळ नाही! आणि आमच्या घरात नेमकं त्याच गोष्टीने घात केला म्हणून लिहायला बसले.

माझ्या ताईला आधी दोन-अडीच वर्षं मेनोपॉज आणि आयबीएस (आतड्याची नाजूक पचनाची तक्रार) असंच सांगितलं गेलं. आता मागे वळून बघताना वाटतं, तिचा चेहरा लालबुंद व्हायचा पण घामाचा थेंब नसायचा, मेनोपॉजमध्ये बहुतेक बायका घामाने भिजतात, हा फरक आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आला नाही. शेवटी सोनोग्राफीत लिव्हरवर गाठी दिसल्या, मूळ ट्यूमर लहान आतड्यात निघाला. महिन्यातून एकदा ऑक्ट्रिओटाइडचं, म्हणजे ट्यूमरमधून सुटणारे हार्मोन रोखणारं इंजेक्शन सुरू झालं, जुलाब थांबले, लाली थांबली, आणि आम्ही सगळे निवांत झालो. तिथेच चुकलं.

कारण मग पाय सुजायला लागले. चपलेचा पट्टा रुतायचा, जिना चढताना मध्येच थांबायची, पोट फुगल्यासारखं वाटायचं. लिव्हरवर गाठी आहेत म्हटल्यावर सूज लिव्हरचीच असणार असं सगळ्यांनी धरून चाललं, लघवी होण्याची गोळी दिली, सूज थोडी उतरायची, परत यायची, असे सहा-सात महिने गेले. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी तिच्या मानेच्या फुगलेल्या शिरा बघितल्या, स्टेथोस्कोप लावला आणि त्याच दिवशी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितला. हृदयाच्या उजव्या बाजूची ट्रायकस्पिड झडप बंदच होत नव्हती, पल्मनरी झडपही आकसलेली. या आजाराला कार्सिनॉइड हार्ट डिसीज म्हणतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

होतं काय, तर हे ट्यूमर सेरोटोनिन भरमसाठ बनवतात. (हो, तेच ते सोशल मीडियावरचं 'हॅपी हार्मोन', एरवीसुद्धा शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन मेंदूत नाही तर आतड्यातच तयार होतं.) आतड्यातलं रक्त आधी लिव्हरमध्ये जातं आणि तिथे त्यातलं सेरोटोनिन मोडलं जातं, त्यामुळे ट्यूमर नुसता आतड्यात असेपर्यंत हृदयाला सहसा त्रास नसतो. पण गाठी लिव्हरमध्येच पसरल्या की त्यांचं सेरोटोनिन गाळणीच्या पलीकडे पडतं, म्हणजे थेट हृदयाच्या उजव्या बाजूला. तिथे झडपांवर पांढरट चिवट थर चढतो, पाकळ्या जाड होऊन आखडतात आणि अर्धवट उघड्याच राहतात. रक्त मागे फिरतं, म्हणून मानेच्या शिरा, लिव्हर, पोट, पाय. डावी बाजू बहुतेकांची वाचते कारण मध्ये फुप्फुसं आहेत, तीही सेरोटोनिन नष्ट करतात. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात भोक असेल किंवा फुप्फुसातच ट्यूमर असेल तर मात्र डावीकडेही बिघाड होऊ शकतो.

सेरोटोनिनचा आणि झडपांचा संबंध आधीही दिसला होता बरं का. वजन कमी करायची फेनफ्लुरामीन नावाची गोळी १९९७ मध्ये बाजारातून काढून घेतली, कारण घेणाऱ्यांच्या झडपा अशाच जाड होत होत्या, ती गोळी सेरोटोनिनच्याच एका रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या ग्राहक जागेला चेतवायची.

आपल्या डोक्यात हार्ट म्हणजे छातीत कळ, ब्लॉकेज, अँजिओग्राफी. इथे यातलं काहीच नसतं, ईसीजी बऱ्याचदा काही ठोस सांगत नाही, आणि सुरुवातीला तर पेशंटला काही जाणवतही नाही. कार्सिनॉइड सिंड्रोम (या ट्यूमरच्या हार्मोनमुळे होणारी लाली, जुलाब वगैरे लक्षणं) असलेल्यांपैकी साधारण २० ते ५० टक्के लोकांच्या हृदयाला कमी-जास्त इजा होते, एवढा मोठा आकडा असताना लक्षणं येईपर्यंत थांबायचं कशाला? लघवीत किंवा रक्तात ५-एचआयएए (सेरोटोनिन मोडल्यावर उरणारा पदार्थ) जास्त आलंय, लिव्हरमध्ये गाठी आहेत, तर निदानाच्या वेळीच इको करून घ्यावा, नंतर डॉक्टर म्हणतील तसा सहा महिन्यांनी-वर्षाने परत. एनटी-प्रो-बीएनपी नावाची एक साधी रक्ततपासणीही आहे, ती वाढलेली आली की हृदयावर ताण आहे का ते बघायला हवं. आम्ही फाईलमध्ये सगळे स्कॅन तारखेनुसार लावून ठेवले होते, पण इको एकही नव्हता, आणि तो मागावा हे आम्हाला सुचलंही नव्हतं.

इंजेक्शनने सेरोटोनिन कमी होतं, नव्याने होणारं नुकसान मंदावू शकतं, पण एकदा आखडलेली झडप त्याने सरळ होत नाही, ती बदलावीच लागते. तेही उजवा कप्पा पार थकून जायच्या आत. ताईच्या दोन्ही झडपा एकाच ऑपरेशनमध्ये बदलल्या, प्राण्यांच्या टिश्यूच्या बसवल्या, म्हणजे रक्त पातळ करायच्या गोळ्या जन्मभर नकोत. अर्थात हार्मोन आटोक्यात नसेल तर नव्या झडपेवरही थर चढू शकतो, त्यामुळे महिन्याचं इंजेक्शन चालूच आहे.

अजून एक राहिलं, आणि हे तुमच्या लेखात चौकट करून छापावं असं मला वाटतं. या पेशंटना भूल देताना ट्यूमरमधून अचानक खूप हार्मोन सुटून बीपी एकदम कोसळू शकतं, त्याला कार्सिनॉइड क्रायसिस म्हणतात, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच माहिती द्यावी लागते, ते ऑक्ट्रिओटाइड तयार ठेवतात. अॅड्रेनालिनसारख्या औषधांनीही हे होऊ शकतं आणि दाताच्या भुलीच्या इंजेक्शनमध्ये ते बऱ्याचदा असतं. मध्यंतरी ताईला दाढ काढायची होती तेव्हा तिने डेंटिस्टला खुर्चीत बसायच्या आधीच सगळं सांगितलं. ते म्हणाले मी हा आजार कधी ऐकलेला नाही, आणि दाढ तशीच ठेवून आधी तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लावला.

आपली,
एक नियमित वाचक