अण्णा, त्या भोकाच्या पुस्तकाबद्दल

अण्णा, नमस्कार.

तुम्ही हे स्वतः वाचणार नाही, ठाऊक आहे मला. चष्मा कायम गल्ल्यात आणि मोबाईल कायम नातवाच्या हातात. तोच वाचून दाखवील. त्याला सांगा, सावकाश वाच आणि मधलं गाळू नको. तो गाळतो. माझ्याच वर्गात होता, म्हणून सांगते.

तोंडावर आभार मानायला मी दोनदा दुकानात आले. पहिल्यांदा तुम्ही "रद्दीच तर होती की" म्हणून तराजूकडं वळलात. दुसऱ्यांदा चहा मागवलात आणि पावसावर बोलत बसलात. म्हणून आता चार लोकांदेखत लिहितेय. आता वळून वळून कुठं वळणार?

गेल्या जूनमधली गोष्ट. शाळेचे जुने कागद घालायला मी तुमच्या दुकानात आले होते. गठ्ठ्याखालून एक जाड पुठ्ठ्याचं इंग्रजी पुस्तक डोकावत होतं. वर हिरवं जनावर, आत पानापानावर डायनासोर, आणि चित्राखाली मोठ्या टायपात तीन-चार ओळी. तुम्ही वजन केलंत, तीनशे ग्रॅम. किलोचा भाव लावून सहा रुपये सांगितलेत आणि सुट्टे नव्हते म्हणून पाचच घेतलेत.

घरी जाऊन उघडलं तर मधल्या पानावरचा टी-रेक्सच गायब! कुणीतरी प्रोजेक्टच्या वहीसाठी कात्रीनं गोल कापून नेलेला. पाच रुपयांचं पुस्तक मी दुसऱ्या दिवशी परत करायला आले, ही लाजेची गोष्ट इथं कबूल करते. तुम्ही काहीच बोलला नाहीत. ते पान डोळ्यासमोर धरलंत, भोकातून माझ्याकडं बघितलंत आणि विचारलंत, "टीचर, इथं काय होतं?"

मी सांगितलं. तुम्ही विचारलंत, खात काय होतं? मी सांगितलं. एवढुशा हातांनी धरत कसं होतं? ते मला सांगता येईना. मग तुमचा शेवटचा, "हे कुणी बघितलं?" वीस मिनिटं मी हातवारे करत बोलत होते. मागं एक गिऱ्हाईक पेपरचा गठ्ठा घेऊन ताटकळलं होतं, तेही ऐकत राहिलं. पुस्तक परत न करताच मी घरी गेले.

आता माझी बाजू ऐका. आम्ही मराठी शाळेत शिकलो तेव्हा इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० सालापासून ते पहिलीपासून आलं. मुलं चौथीत येतात तेव्हा तीन वर्षांचं इंग्रजी त्यांच्या पाठीशी असतं, पण ते वहीत. तोंडात नाही. आणि आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या पोरांचं तुम्हाला मी काय सांगू? घरी तेलुगू, शेजारी कन्नड, गल्लीत दखनी, शाळेत मराठी, आणि त्याच्यावर ही पाचवी. मी काय करत होते, तर धडा वाचायचा, प्रत्येक वाक्याचा मराठी अर्थ सांगायचा, फळ्यावर शब्दार्थ लिहायचे. पोरं उतरवून घ्यायची. सगळं रीतसर. त्या वर्गात "इथं काय होतं?" असं कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. मीही नाही.

तर दुसऱ्या दिवशी मी पुस्तक नेलं आणि तुमचीच नक्कल केली. पान डोळ्यासमोर धरलं, भोकातून बघितलं आणि म्हटलं, "व्हॉट वॉज हिअर?"

एकोणतीस पोरं रांगेत उभी राहून त्या भोकातून बघून गेली. पलीकडच्या पानावरच्या स्टेगोसॉरसच्या पाठीवरचे तक्ते तेवढे त्यातून दिसतात. (हा स्टेगोसॉरस टी-रेक्सच्याही साधारण आठ कोटी वर्षं आधीचा. म्हणजे काळाच्या हिशेबात टी-रेक्स त्याच्यापेक्षा आपल्याला जवळचा. हे मलाही नंतर कळलं, आणि रात्री झोप लागेना.) खरी मजा भोकाच्या कडेला होती. कात्रीनं चित्राबरोबर ओळीही कापल्या होत्या. "इट हॅड अ बिग" एवढं शाबूत, पुढं नुसते एच आणि ई, मग भोक. आता सांगा, मोठं काय होतं त्याचं? एक म्हणाली, हेड. एक म्हणाला, हेन, त्याच्याकडं मोठी कोंबडी होती. मागून आवाज आला, "हेल्मेट!" दिवसभर टी-रेक्स हेल्मेट घालून वर्गात हिंडला. एच-ईनं सुरू होणारे शब्द मी कधी फळ्यावर लिहून पाठ करून घेतले असते, तर सहाच्या वर गेले नसते. त्या दिवशी अकरा झाले. त्यातले दोन चुकीचे होते, ते मी राहू दिले.

व्याकरणाचंही तसंच. हॅज कुठं आणि हॅड कुठं, हे मी दोन वर्षं समजावत होते. भूतकाळ, वर्तमानकाळ, तक्ता, सगळं करून झालं होतं. "इट हॅज अ लाँग टेल" असं एकानं वाचल्याबरोबर शेजारचा त्याच्यावर ओरडला, "मेलाय ना बे तो! हॅड म्हण की." संपलं. मेला की हॅड, मेला की वॉज. याच्याहून सोपा नियम मला कुठल्या प्रशिक्षणात मिळाला नव्हता.

सूत मागायला मी आले ते मापासाठी. टी-रेक्स साधारण बारा मीटर लांब, असं नुसतं सांगून चौथीच्या पोराला काय कळणार? तुम्ही आतून चादरीच्या लाल सुताचा कोन काढलात. माग सुटून इतकी वर्षं झाली, तरी एक कोन ठेवलेला होता! दोन्ही हात पसरून वाव मोजत गेलात. सात वाव झाले आणि वर थोडं "शेपटीला" म्हणून सोडलंत. मी म्हटलं, डिप्लोडोकस सव्वीस मीटरचा आहे. तुम्ही कोनच माझ्या हातात दिलात.

मैदानावर टी-रेक्स झोपला तो ध्वजाच्या कट्ट्यापासून नळापर्यंत. डिप्लोडोकस काही मावेना. डोकं वर्गाच्या दारात ठेवलं, पोट नळापाशी आलं, आणि शेपटी फाटकातून बाहेर रस्त्यावर. शेपटी धरायला दोन पोरं बाहेर उभी केली. एक रिक्षा आली. रिक्षावाला थांबून विचारतोय, काय चाललंय, आणि आमची पोरगी दोरा धरून त्याला ठणकावून सांगतेय, "स्टॉप! धिस इज टेल!" इज म्हणाली, हॅड-वॉजचं सगळं विसरली. मी दुरुस्त केलं नाही. रिक्षा थांबली होती की.

दातासाठी सूत लागलं नाही. टी-रेक्सचा मोठ्यातला मोठा दात मुळासकट जवळजवळ फूटभर भरतो, म्हणजे प्रत्येकाच्या दप्तरातली फूटपट्टी. सगळ्यांनी पट्ट्या तोंडापुढं धरल्या. तेवढ्यात एक तेलुगू बोलणारी मुलगी म्हणाली, आमच्यात दातांना पळ्ळू म्हणतात. बाकावरची कन्नडवाली म्हणाली, आमच्यात हल्लू. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. एवढासाच फरक, आणि चार वर्षं एका बाकावर बसून कळलं नव्हतं. मग अंड्याची पाळी आली. अंडं, अंडा, गुड्डू, तत्ती, एग. फळ्यावर पाचही लिहिले. इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच बोलायचं, अशी शिस्त मी पाळत होते, ती त्या दिवशी मोडली. एग हा शब्द त्यानंतर कुणाला परत सांगावा लागला नाही. त्याला शेजारी चार नातेवाईक मिळाले होते.

सगळंच छान झालं असं समजू नका. उडणाऱ्या जनावराच्या पानावर मी तीन दिवस ठामपणे "प्टेरोडॅक्टिल" म्हणत होते. पोरांकडूनही म्हणवून घेतलं. मग कुणाच्या तरी दादानं मोबाईलवर ऐकवलं, टेरोडॅक्टिल. पी बोलतच नाही. वर तो उडणारा प्राणी डायनासोरच नव्हे, हे त्याच पानावर तळाला छापलेलं होतं, आणि मी चित्राच्या नादात वाचलं नव्हतं. वर्गात कबूल करावं लागलं. पोरांना इतका आनंद झाला! नंतर आठवडाभर त्यांनी गप्प बसणारी अक्षरं शोधली. नाइफमधला के, राइटमधला डब्ल्यू. बाईंना चुकवणारी अक्षरं म्हणून एक यादीच केलीय, ती दाराला चिकटवलीय.

आणि तुमचा तो प्रश्न, कुणी बघितलं? जशाचा तसा मी वर्गात टाकला. कुणी नाही बघितलं, माणूस नव्हताच. हाडं बघितली. भारतातली पहिली हाडं १८२८ साली जबलपूरला स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला मिळाली. ठगांचा बंदोबस्त करणारा तोच हा. आपल्या महाराष्ट्रातही आहेत, चंद्रपूरकडं डोंगरगावला, पिसदुऱ्याला. मग सोलापुरात का नाहीत, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. आपल्या खाली काळा खडक आहे, थंड झालेला लाव्हा. साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी, डायनासोर संपले त्याच सुमाराचा. खाली काही असलंच तर त्याच्याखाली गाडलेलं. पोरांनी मधल्या सुट्टीत मैदान उकरलं. मुख्याध्यापकांचं बोलणं मी खाल्लं.

तुमच्यासाठी एक खास राखून ठेवलंय. तुमच्या आजोबांचं गाव तेलंगणातलं ना? तिकडं प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातल्या खडकात एक प्रचंड डायनासोर सापडला. लांब मानेचा, झाडपाला खाणारा. मोठं खोदकाम झालं ते १९६१ च्या सुमारास, रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीच्या दिवसांत. म्हणून १९७५ साली नाव ठेवलं बरापासॉरस टागोराय. "बरा पा" म्हणजे बंगालीत मोठा पाय. आमचा एक पोरगा लगेच म्हणाला, "बरा पाय? म्हणजे आधी मोडला होता का?" त्याचा सांगाडा कोलकात्यात उभा आहे. तुम्ही मागाची खटखट ऐकत वाढलात त्या घराच्या आजोळची नदी, आणि तिच्या काठी हा पाय. दुकानात हे सांगायचं होतं, पण तुम्ही पावसावर बोलत होता.

सगळ्यात जास्त भांडण कोंबडीवरून झालं. पक्षी हे डायनासोरच्याच वंशातले, हे मी वाचून दाखवल्यावर कुणी मानेना. मग पाय बघितले. कोंबडीचे पाय आणि पुस्तकातले पाय, तीन बोटं पुढं. एकजण दुसऱ्या दिवशी घरून अंथरायची चादर घेऊन आला, तिच्यावर विणलेला मोर. "बाई, मग हा पण?" हा पण. "म्हणजे मी रोज डायनासोरवर झोपूलालोय!" हे वाक्य इंग्रजीत करून द्या, असा त्याचा हट्ट. "आय स्लीप ऑन अ डायनासोर." घरी आईला, आज्जीला, सगळ्यांना ऐकवून आला. आई विड्या वळते, तिला इंग्रजी येत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात तिनंच मला ते म्हणून दाखवलं.

जानेवारीत, गड्ड्याची यात्रा उरकल्यावर, सहल नान्नजला नेली. माळढोक बघायला. १९७९ साली अभयारण्य झालं ते याच पक्ष्यासाठी. मीटरभर उंच, वजनदार, गवतात चालणारा. पुस्तकातलं एखादं पान जिवंत बघायला मिळेल म्हणून आम्ही गेलो. काळवीट पोटभर दिसले. माळढोक फक्त फलकावर. तो आता इतका दुर्मीळ झालाय की दिसला तर पेपरात येतो. पोरं फलकाखाली उभी राहून सवयीनं वाक्यं करायला लागली. त्यातला एक अडला. वळून मला म्हणाला, "बाई, ह्याला इज लावायचं का वॉज?"

मी इज म्हटलं. जरा वेळानं म्हटलं.

मला विचारणारे विचारतात, हे सगळं करत बसल्यावर पाठ्यपुस्तक कधी संपवणार. संपवलं, अण्णा. फेब्रुवारीतच संपलं, कारण त्यातले धडे पोरं आता स्वतःच उलगडतात. हे तुमच्यामुळं झालं म्हटलं तर तुम्ही हसाल. तुम्हाला इंग्रजी अक्षर येत नाही म्हणूनच तुम्ही चित्राला प्रश्न विचारलात. मला अक्षर येत होतं, म्हणून मी शब्दार्थ सांगत बसले होते. त्या भोकातून तुम्ही बघितलंत त्याबद्दल मनापासून आभार. आणि नंतर गोष्टीची पुस्तकं निवडून वेगळ्या पोत्यात ठेवायला लागलात, आणि भाव मात्र तोच लावलात, त्याबद्दलही.

सुताचा कोन माझ्याकडंच आहे. अर्धं सूत उरलंय, गाठी पडल्यात, रंग मळलाय. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आणून देते. चहा मागवा, पण पाऊस नको.

आणि एक. एखाद्या प्रोजेक्टच्या वहीत चिकटवलेला तो टी-रेक्स कधी तुमच्या रद्दीत आला, तर बाजूला काढून ठेवा. लगेच देऊ नका मात्र. यंदाची चौथी अजून भोकातूनच बघूलालीय.

तुमची,
टीचर